एक फेरी आधी

शर्यतीच्या पाटीवरचा सहाचा आकडा काढून फेरीवाल्यांनी पाचचा लावला, हातातल्या कागदावर पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि चष्मा पुसायला रुमाल काढावा म्हणून खिशात हात घातला. हाताला रुमाल लागलाच नाही. लागली घराची किल्ली.

त्यांनी किल्ली उलटीपालटी करून पाहिली. सकाळी निघताना दाराला बाहेरून कुलूप घातल्याचा खट् असा आवाज त्यांना आत्ता, दोन तासांनी, स्पष्ट ऐकू आला. कुलूप रोजच्यासारखं घातलं होतं. रोज बायको त्यांच्या आधीच बाहेर पडलेली असे. आज मात्र सुट्टीचा दिवस होता आणि ती आत होती.

"मेलो," ते स्वतःशीच म्हणाले आणि फोन करायला शर्टाच्या खिशात हात घातला. खिशातून टीव्हीचा रिमोट निघाला.

समोर मुलींची पाच हजार मीटरची शर्यत अगदी रंगात आली होती. साडेबारा फेऱ्यांची शर्यत, आणि यात पहिली येणारी एकटीच पुढच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. पायऱ्यांवर माणूस मावत नव्हता. पिवळ्या बनियनमधली उंच मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या मागे दहा पावलांवर निळ्या बनियनमधली बुटकी. बाकीच्या मुली ट्रॅकभर पांगल्या होत्या. पळणारीला आपण किती फेऱ्या मारल्या हे कुठलं लक्षात राहायला? ती बघते पाटी. पुढची मुलगी रेषेवरून गेली की पाटीवरचा आकडा एकाने कमी करायचा आणि शेवटची फेरी उरली की पितळी घंटा जोरजोरात वाजवायची, एवढंच फेरीवाल्यांचं काम. एकोणीस वर्षं ते हे काम करत होते. म्हणून तर मैदानावर सगळे त्यांना फेरीवाले म्हणत. बायको चारचौघांत सांगायची, "माझा नवरा फेरीवाला आहे, पण भाजी आणायला सांगितली तर तेवढी विसरतो."

खोटं नव्हतं ते. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत ते कारकून होते आणि तिथल्या त्यांच्या करामती शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होत्या. एकदा त्यांनी नुकत्या जन्मलेल्या बाळाची नोंद मृत्यूच्या वहीत केली होती. बाप दुसऱ्या दिवशी बाळालाच घेऊन आला. बाळ टेबलावर ठेवून म्हणाला, "हे बघा, साहेब. रात्रभर रडत होतं. मेलेलं माणूस रडतं का?" टपालपेटीत पाकीट टाकायला गेले की पाकीट हातात राही आणि बसचा पास पेटीत जाई. एक अख्खा दिवस बायकोचा चष्मा घालून त्यांनी काम केलं आणि संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसले.

पण मैदानावर मात्र असं कधी झालं नव्हतं. इथे एकदा टेबलापाशी उभं राहिलं की त्यांचं चित्त कसं आकड्यावर खिळून बसे. एकोणीस वर्षांत एक फेरी चुकली नव्हती. गावोगावचे प्रशिक्षक म्हणत, घड्याळ चुकेल, फेरीवाले चुकणार नाहीत. ही एवढी एकच कमाई होती त्यांची. ती ते कुणाला बोलून दाखवत नसत, पण स्पर्धेच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालत.

आणि आज, भर शर्यतीत, त्यांचं मन थेट घरी पळालं. अकरा वाजता बायकोचा शिवणाचा वर्ग. बारा बाया मशीन झाकून वाट बघत बसणार. ही आतून दार बडवत असणार. गॅसवर काही ठेवलं असेल का? नसेल. असलं तरी ती आतच आहे, बंद करेल. पण मग…

पिवळं बनियन रेषेवरून सर्रकन गेलं. फेरीवाल्यांनी पाचचा आकडा काढला, चारचा लावला.

ती उंच मुलगी नव्हतीच. तिच्याच संघातली, सगळ्यांत मागे पडलेली मुलगी होती ती. बनियन तेवढं पिवळं. फेरीवाल्यांचा एक हात खिशातल्या किल्लीवर होता, त्यामुळे कागदावर रेघ ओढायचीही राहून गेली. मग खरी उंच मुलगी आली. त्यांनी रेघ ओढली, तीनचा आकडा लावला. तिने पळतापळता पाटीकडे पाहिलं, मान जराशी झटकली आणि पुढे गेली.

मग दोन. मग एक.

फेरीवाल्यांनी घंटेची दोरी धरली आणि दणादण वाजवली. मैदान उसळलं! उंच मुलीने घंटा ऐकली आणि अंगात वारं भरल्यासारखी सुटली. दहा पावलांचं अंतर वीस झालं, तीस झालं. मागची निळी बुटकी मात्र आपल्या चालीने तशीच ठक्‌ ठक्‌ पळत राहिली. तिच्याकडे दुसरी चालच नव्हती.

माइकवरचा माणूस तर उभाच राहिला. "मंडळी, वेळ बघा, वेळ! आजवरचा विक्रम मोडणार! नुसता मोडणार नाही, एका मिनिटाच्या वर फरकाने मोडणार!"

एका मिनिटाच्या वर? फेरीवाल्यांच्या कानात ते शब्द अडकले. पाच हजार मीटरमध्ये विक्रम मोडतो तो दोन सेकंदांनी, तीन सेकंदांनी. एका मिनिटाने कसा मोडेल? त्यांनी खाली कागदाकडे पाहिलं. घंटेच्या वेळी कागदावर बारा रेघा हव्यात. त्यांनी बोट ठेवून मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच.

घंटा एक फेरी आधी वाजली होती.

फेरीवाले धावत शेजारच्या टेबलापाशी गेले. मुख्य पंच पाहुण्यांशी हसत बोलत होते. "सर, घंटा चुकली! अजून एक फेरी आहे!"

मुख्य पंचांचं हसू जागच्या जागी राहिलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "काय बोलताय? शुद्धीवर आहात का?"

"अकराच रेघा आहेत, सर. हे बघा. मी मधेच एक आकडा जास्त उलटला."

"कागद ठेवा खिशात. अहो, सगळ्याच पोरी तेवढंच पळतायत ना? पहिली ती पहिलीच येणार. कुणाला काय कळतंय?"

"पण ते पाच हजार मीटर होत नाहीत."

"फेरीवाले, एकोणीस वर्षांचं नाव आहे तुमचं. घालवू नका. गप बसा."

उंच मुलगी समोरच्या वळणावर पोचली होती. फार तर चाळीस सेकंद. गप बसणं सोपं होतं. कागदाची घडी करून खिशात घालायची, की संपलं. पण उद्या त्या मुलीचा विक्रम कुणीतरी तपासणार. घड्याळं जुळवणार, मोजणार, आणि मग लोक तिला खोटी म्हणतील. तिची काय चूक?

त्यांनी मागे येऊन पाटीवरचा एकचा आकडा काढला, घंटा तिच्या चौकटीसकट काखेत मारली आणि सरळ ट्रॅकवर घुसले. सत्तावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस, एका हातात पत्र्याचा आकडा आणि काखेत पितळी घंटा! पायऱ्यांवरचे लोक आधी हसले. मग ओरडायला लागले. "अहो काका, बाजूला व्हा! वेड लागलंय का!"

उंच मुलगी हात वर करून रेषेकडे येत होती. डोळे मिटत आलेले, तोंडावर हसू.

"अजून एक!" फेरीवाले जिवाच्या आकांताने ओरडले आणि घंटा हलवायला लागले. "बाई गं, थांबू नको! अजून एक फेरी! माझी चूक झाली!"

तिने डोळे उघडले. त्या नजरेत काय होतं ते फेरीवाल्यांना पुढे कधी कुणाला सांगता आलं नाही. क्षणभर तिचे पाय अडखळले. वाटलं, बसते आता. पण ती बसली नाही. तिचे हात खाली आले आणि ती पळत राहिली.

मागून निळी बुटकी आली. तिने आकडा पाहिला, फेरीवाल्यांकडे पाहिलं आणि जणू काही झालंच नाही अशी ठक्‌ ठक्‌ पुढे गेली.

आता मैदानावर कुणी म्हणजे कुणी बसलेलं राहिलं नाही. उंच मुलीचे पाय शिशाचे झाले होते. जी ताकद शेवटच्या फेरीसाठी राखली होती ती तिने आधीच उधळून टाकली होती. मध्ये साठ पावलं होती. समोरच्या वळणावर तीस राहिली. शेवटच्या सरळ पट्टीवर दहा. लोक दोघींची नावं घेऊन किंचाळत होते. पाहुणेसुद्धा खुर्चीवर चढले होते. फेरीवाले मनात म्हणत होते, पोचू दे, पोचू दे तिला.

पाच पावलं. दोन. रेषेच्या अगदी तोंडाशी निळं बनियन पिवळ्याच्या पुढे गेलं. एका छातीने.

पुढची पाच मिनिटं नुसता गोंधळ होता. उंच मुलीच्या प्रशिक्षकांनी धावत येऊन फेरीवाल्यांची कॉलर धरली. "माझ्या पोरीची दोन वर्षं मातीत घातलीत तुम्ही! दोन वर्षं!" फेरीवाले हलले नाहीत. मार बसला असता तर त्यांनी तोही खाल्ला असता. मुख्य पंच दोघांच्या मध्ये पडले होते आणि माइकवाला "शांतता राखा" म्हणून स्वतःच ओरडत होता.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत फेरीवाल्यांची बायको आली. हातात कापलेलं कुलूप. गॅलरीतून शेजारच्यांना हाका मारून तिने करवतीने कुलूप कापून घेतलं होतं आणि आता नवऱ्याची सगळ्या मैदानासमोर हजेरी घ्यायची म्हणून वर्ग सोडून ती इथे आली होती.

"अहो, तुम्हाला काही लाज..." तिने सुरुवात केली आणि नवऱ्याचं तोंड बघून थांबली. कॉलर धरलेला हात तिने पाहिला. मग ती पुढे झाली आणि प्रशिक्षकांना म्हणाली, "सोडा त्यांना. काय झालं असेल ते सांगतील ते. लपवायचे नाहीत."

प्रशिक्षकांनी हात काढला.

उंच मुलगी ट्रॅकच्या आतल्या गवतावर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. फेरीवाले जाऊन तिच्यासमोर उकिडवे बसले.

"चूक माझी होती, बाळा. मी दुसऱ्याच विचारात होतो. तुझ्या जागी दुसऱ्या मुलीला मोजलं."

"मला माहितीये," ती डोकं न उचलता म्हणाली. "मीपण मोजत होते."

"तू मोजत होतीस?"

"पाचनंतर एकदम तीन आला. मला वाटलं, माझंच चुकलं." तिने तोंड पुसलं. "आमचे सर सांगतात, मैदानात स्वतःचं डोकं लावू नको. फेरीवाले काकांची पाटी बघ. ती कधी चुकत नाही."

फेरीवाल्यांना वाटलं, ती कॉलर अजून धरलेली असती तर बरं झालं असतं.

दुपारी मुख्य पंचांनी अहवालाचा कागद पुढे केला. "लिहा, तांत्रिक कारणामुळे घंटेत गडबड झाली. तुमचंही झाकलं जाईल आणि आमचंही."

फेरीवाल्यांनी पेन घेतलं आणि लिहिलं, 'पाच फेऱ्या उरलेल्या असताना माझं लक्ष नव्हतं. मी मागे पडलेल्या मुलीला पुढची समजून एक आकडा जास्त उलटला आणि घंटा एक फेरी आधी वाजवली. पिवळ्या बनियनच्या मुलीने माझ्या घंटेवर विश्वास ठेवून आपली शेवटची फेरी आधीच पळून टाकली. तिचं नुकसान माझ्यामुळे झालं.' खाली सही केली, तारीख घातली. बायकोने कागद हातात घेऊन एकदा वाचला, तारीख बरोबर आहे ना तेही पाहिलं, आणि पंचांच्या हातात दिला.

"हे असं पाठवलं तर तुम्हाला परत बोलावणार नाहीत," मुख्य पंच म्हणाले.

"नाही बोलावणार," फेरीवाले म्हणाले.

त्या कागदाच्या जोरावर प्रशिक्षकांनी दाद मागितली. तीन आठवड्यांनी निकाल आला. निळ्या मुलीचा पहिला नंबर कायम राहिला, पण पुढच्या स्पर्धेला दोघींनाही जायला मिळालं. त्याच आठवड्यात फेरीवाल्यांनाही पत्र आलं. चार ओळींचं. त्यांची एकोणीस वर्षं पत्रात कुठेच नव्हती. बायको म्हणाली, "मेल्यांना आभार तरी मानायचे." ते म्हणाले, "राहू दे गं."

मोठ्या स्पर्धेच्या दिवशी दोघं जण पहाटेची बस पकडून परगावी गेले आणि पायऱ्यांवर अगदी वरच्या रांगेत बसले. पाटीपाशी चष्मा न लागणारा एक तरुण माणूस होता. त्याच्या शेजारी आणखी एक जण नुसता कागद धरून उभा होता. आता दोघं मोजत असत.

बंदूक सुटली. सोळा मुली. पहिल्या चार फेऱ्यांतच गर्दी पेटली. फेरीवाल्यांची बायको तर शेजारणीचा खांदा धरून ओरडत होती, "पिवळी! पिवळी बघा! आली पुढे, आली!" उंच मुलगी पाचवी होती. मग चौथी झाली. सातव्या फेरीला तिसरी. निळी बुटकी तिच्या मागे ठक्‌ ठक्‌ येतच होती. फेरीवाले गुडघ्यावर हात ठेवून, पुढे वाकून, एकेक बोट मुडपत बसले होते.

उंच मुलगी त्यांच्या पायऱ्यांसमोरून गेली. रेषेपाशी पोचली तेव्हा सगळ्या मुलींनी मान वळवून पाटीकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही. तिची नजर सरळ समोर होती आणि ओठ हलत होते.

"ही काय पुटपुटतेय हो?" बायकोने विचारलं.

"मोजतेय," फेरीवाले म्हणाले आणि त्यांनी आणखी एक बोट मुडपलं.