चौथ्या चित्रातली खोली

तिचं काम माणसांची मनं मोजण्याचं होतं. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराला समोर बसवायचं, एकेक चित्र त्याच्या हातात द्यायचं आणि त्यावरून गोष्ट रचायला सांगायची. गोष्ट सांगता सांगता माणूस स्वतःबद्दलच सांगून जातो, आपण मध्ये तोंड घालायचं नाही, हे तिच्या सरांनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि केस पांढरे व्हायला लागले तरी तिनं तो नियम मोडला नव्हता. चौथ्या चित्रात एक अर्धवट उघडं दार होतं, आत अंधार, आणि दाराबाहेर खुर्चीवर पाठमोरी बसलेली एक बाई. कुणी तिला सासू करी, कुणी विधवा. एका पोस्टमननं तर, ही आमची साहेबीण, मी उशिरा येतोय का ते बघत बसलीय, असं सांगून तिला पोट धरून हसायला लावलं होतं.

मग एकदा एक बस-ड्रायव्हर आला. धिप्पाड, बोलायला लाजणारा. त्यानं चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"आत पोरगी आहे," तो म्हणाला. "जागी आहे. आईला कुणीतरी बाहेरच बस म्हणून सांगितलंय, म्हणून ती बसलीय बिचारी."

तिनं लिहून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आलेली नर्स चित्र हातात घेताच म्हणाली, "अगंबाई, ही पोरगी अजून जागीच!"

"अजून?" न राहवून तिनं विचारलं.

नर्स गोंधळली. "कोण जाणे, तोंडातून गेलं खरं."

त्यानंतर एक बँकेतले अधिकारी आले, इस्त्रीच्या घडीसारखे कडक. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मुलीला झोप येत नाहीये. ती आईचा कान मागतेय. कानाची पाळी धरल्याशिवाय झोपत नाही ती."

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ताटं पुसत होता. मुलगी गेल्यापासून दोघांनी तिचा विषय घरात काढला नव्हता. एकमेकांना जपायचं म्हणून गप्प राहता राहता गप्प राहणंच अंगवळणी पडलं होतं. चार वर्षांची पोर, आईच्या कानाची पाळी धरून झोपणारी, तापानं फणफणलेली. डॉक्टरांनी आईला बाहेर बसायला सांगितलं होतं आणि ती शहाण्यासारखी बसून राहिली होती.

नवऱ्यानं ताट खाली ठेवलं. त्याला हसू येईल, निदान तो काळजीनं तिच्याकडे बघेल, असं तिला वाटलं होतं.

"इतकी वर्षं जागी आहे ती," तो हळूच म्हणाला. "मग तू आत का जात नाहीस?"

"अहो, मला मध्ये बोलता येत नाही. नियम आहे."

"कुणाचा?" तो म्हणाला, आणि ओल्या हातानंच त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नंतर आलेला उमेदवार शाळामास्तर होता, शर्टाच्या बाहीला खडू लागलेला. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं. मास्तरांनी चौथं चित्र उचललं आणि कान देऊन ऐकावं तशी मान कलती केली.

"रडतेय," ते म्हणाले. "बाई ऐकतेय, पण उठत नाहीये."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. इतक्या वर्षांत प्रथमच स्वतःचा आवाज तिला ओळखू येईना.

"तिला उठायला सांगा. म्हणावं, कुणी काही बोलणार नाही. आत जा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. एखाद्या वर्गाच्या दारात उभं राहून आतला अंदाज घ्यावा तसं ते चित्रात बघत राहिले. मग त्यांचा चेहरा सैलावला.

"गेली," ते म्हणाले.

बाहेरची स्कूटर थांबली होती. तिनं डोळे पुसले, पाण्याचा घोट घेतला आणि सवयीनं विचारलं, "मग? पुढे काय झालं?"

मास्तरांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, मॅडम," ते कुजबुजले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

हे सांगताना त्यांची नजर चित्रावर नव्हती. ती तिच्या डाव्या खांद्यावर होती.