चूलबंद कीर्तन

दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. आज या गावी, उद्या त्या गावी. सानगडीच्या मंडईत सकाळी मैदानात शाहीर-नाच्याची खडी गंमत, दुपारी समाजभवनात कीर्तन आणि दिवसभर खाणं. लेकी-जावई येतात, घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात, बाजारात उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. बांगड्यांच्या दुकानापुढे बायका अशा उभ्या राहतात की दुकानदाराला त्याचंच दुकान दिसत नाही. मला यातलं सगळं आवडतं. पण आधी कीर्तन, मग बाकीचं.

यंदा दिवाळीच्या तोंडावरच भय्याजी घरी आले. मंडई समितीचे अध्यक्ष, आणि नात्यानं माझे चुलत दीर. चहा संपेपर्यंत धानाच्या भावावर बोलले, तेव्हाच मी ओळखलं की काम वेगळं आहे.

"वहिनी, आपल्या प्रविणनं पिच्चर काढला ना," ते म्हणाले. प्रविण त्यांचा पुतण्या. "नाकाडोंगरीच्या जंगलात जाऊन काढला. हरवलेल्या बैलाची गोष्ट हाये. पोट्ट्यानं सारं आपल्या बोलीत बोलवलं. तं त्याले समाजभवनात तीनची वेळ पाह्यजे."

"तीनले तं सुलोचनाबाईचं कीर्तन रायते."

"रायते जी. पन मागच्या साली किती लोक होते? तुमी, दोन म्हाताऱ्या, अन् एक बकरी."

"बकरी दारात होती. आत नव्हती आली."

"तेच तं म्हनतो मी. बकरी बी आत नाई आली."

शेवटी असं ठरलं की यंदा कीर्तन तीनलाच, पिच्चर पाचला. अर्धं समाजभवन भरलं तर पुढंही तीनची वेळ कीर्तनाची. नाही भरलं तर पुढच्या सालापासून तीनला पिच्चर आणि मंडईतलं कीर्तन बंद. पाचनंतर पाहुणे बसच्या वाटेला लागतात, तेव्हा कीर्तनाला कुणी थांबणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. मी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि हो म्हणून बसले.

सुलोचनाबाई नाकाडोंगरीच्या. गळा थोडा जाडा, पण त्या उभ्या राहिल्या आणि चिपळी वाजली की माझ्या अंगावर काटा येतो. त्यांची यशोदा आपल्याच गल्लीतली वाटते. कृष्णाला रागावते तीसुद्धा "काहून रे पोट्ट्या" म्हणूनच. असं कीर्तन वर्षातून एकदा आपल्या गावात होतं, आणि तेच जाणार म्हटल्यावर मला घास गोड लागेना.

मी आमच्या ह्यांना कामाला लावलं. आमचे हे, डोमाजी, गावातले आवतन देणारे. लग्न असो, बारसं असो, तेरवी असो, घरोघरी जेवायचं बोलावणं यांनीच न्यायचं. दुसरं कुणी गेलं तर लोक म्हणतात, "डोमाजीची तब्येत बरी नाई का?"

"अजी, कीर्तनाचं बोलावणं घरोघरी देऊन या," मी म्हटलं. हळद लावलेले तांदूळ त्यांच्या पिशवीत भरले. देवाचं बोलावणं कोरडं कसं द्यायचं? त्यांनी टोपी चढवली आणि निघाले. संध्याकाळी आले ते घरोघरचा चहा पिऊन, खुशीत. "येनार म्हन्तेत सारे," एवढं बोलून खाटेवर आडवे झाले.

मंडईच्या दिवशी सकाळी मी खडी गंमत पाहायला पुढंच जाऊन बसले. ढोलकीवर गावातल्या पार्वताबाईचा पोरगा सुगत होता. पोराचं साकोलीला मोटर वाइंडिंगचं दुकान, पण बोटं ढोलकीसाठीच जन्माला आलेली. बुद्धविहारातल्या गाण्यांना तोच, गंमतीला तोच, आणि सुलोचनाबाईंचा मृदंगवाला दुसऱ्या गावच्या मंडईत अडकला म्हणून कीर्तनालाही तोच. साडी नेसलेला नाच्या शाहिराला म्हणाला, "तुह्या मिशीपेक्षा माही वेणी जड हाये," तेव्हा मी तोंडाला पदर लावून इतकी हसले की शेजारच्या निर्मलाबाईनं मला कोपरानं ढोसलं.

तीनला समाजभवनात गेले आणि दारातच थबकले. लोक! अर्धं कसलं, पूर्ण समाजभवन भरलं होतं. खिडकीत पोरं, पायरीवर बाप्ये, पाहुणे, जावई, सगळे. भय्याजी खांबाला टेकून उभे होते, तोंड बारीक करून. मी मनातल्या मनात विठ्ठलाला नमस्कार केला.

मग माझं लक्ष गेलं. ज्याच्या त्याच्या हातात पाण्याचा लोटा होता. काहींच्या काखेत ताटंसुद्धा. कीर्तनाला लोटा कशाला?

"मंदाबाई," निर्मलाबाई हळूच म्हणाली, "पंगत आधी हाये का कीर्तन आधी? पोट्टे सकाळपासून उपाशी हायेत. चूल नाई ना पेटवली."

मी ह्यांना कोपऱ्यात ओढलं.

"अजी, तुमी घरोघरी काय म्हनलं?"

"थेच, जे म्हनतो ते."

"काय म्हनता ते?"

"उंबरठ्यावर तांदूळ ठेवले. म्हनलं, घरचे सारे या, चूल बंद." एवढं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "अवं माय! तोंडातून निंगूनच गेलं वं."

उंबरठ्यावर पिवळे तांदूळ आणि 'चूल बंद' म्हटलं की त्या वेळेपुरतं त्या घरात काही शिजत नाही. सगळ्या घरानं जेवायला यायचं. उभा जन्म हेच म्हणत आलेल्या माणसाच्या जिभेनं कीर्तनाच्या बोलावण्यालाही तेच म्हटलं होतं. गावच्या गाव जेवायला आलं होतं, आणि माझ्या घरी होती लेक-जावयापुरती एक गंजभर खीर आणि टोपलीभर वडे.

भय्याजींना कुणकुण लागलीच. ते जवळ आले. "वहिनी, जेवाले आलेले लोक मी कीर्तनाचे म्हनून नाई धरनार. आदीच सांगून ठेवतो."

मी सुलोचनाबाईंकडे गेले आणि रडवेल्या तोंडानं सारं सांगितलं. त्या फेटा बांधत होत्या. अर्धा फेटा हातात धरून त्या जे हसायला लागल्या, ते काही थांबेचनात. "डोमाभाऊनं तं कमाल केली जी!" मग डोळे पुसले, फेटा पुरा केला आणि सरळ जाऊन उभ्या राहिल्या. चिपळी वाजवली. सुगतनं मृदंगावर थाप दिली.

पहिलं नमन झालं आणि त्यांनी लोकांना खरं ते सांगून टाकलं. "मायबाप हो, इथं पंगत नाई. डोमाभाऊची जीभ घसरली. आता रागावाचं असन तं त्याईच्यावर रागवा, माह्यावर नोका रागवू, मीबी उपाशीच हावो."

हसणं आणि कुरकुर एकदमच उठली. पायरीवरचा एक जावई उभाही राहिला.

"थांबा जी जावईबापू," त्या म्हणाल्या. "गोकुळात सांगा कोनं पंगत वाढली होती? यमुनेच्या काठी पोट्टे जमले, त्याईच्या घरच्यायनं काय आवतन देलं होतं? ज्याच्या घरी जे होतं ते त्यानं आनलं. आज आपला काला हाये. जा घरी. चूल नोका पेटवू. जे उरलंसुरलं असन, डब्यात असन, शिंक्यावर असन, ते घेऊन या. मी इथंच उभी हावो."

लोक उठले. धडाधड उठले. बघता बघता समाजभवन रिकामं झालं. मी, दोन म्हाताऱ्या, सुगत आणि खांबाजवळ भय्याजी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. घरी गेलेला माणूस परत कशाला येतो? बाहेर मंडई आहे, आकाशपाळणा आहे, गरम भजी आहेत. सुलोचनाबाई मात्र डोळे मिटून हळूच नाम घेत होत्या, आणि सुगत अगदी बोटांच्या टोकांनी साथ देत होता. मी टाळ हातात घेतला. ताल चुकत होता.

पहिल्यांदा निर्मलाबाई आली. दही आणि लाह्या घेऊन. मग एकीनं पोहे आणले, कुणी काकडी, कुणी पेरू, कुणी अनारशांचा डबा. बाजारात विकायला बसलेली एक ढिवरीन आपली शिंगाड्यांची अख्खी टोपलीच डोक्यावर घेऊन आली. पार्वताबाईनं चिवडा आणला, आणि लेकाकडे पाहून म्हणाली, "सकाळपासून ढोलकी कुटून राहिला, खाल्लं का काई?" गंमतीवाला नाच्या साडी खोचून, पायात घुंगरू तसेच, हातात मुरमुऱ्यांचा पुडा. मघाचे जावईबापू केळ्यांचा घड घेऊन. आधी होते त्याहून जास्त लोक झाले. लग्नातल्या पितळी पराती काढल्या, धुतल्या, आणि बायका कालवायला बसल्या. मी खीर आणली तर सगळ्या ओरडल्या, "ते काल्यात नोको टाकू वं माय!"

मग सुलोचनाबाई बोलायला लागल्या. अशा रंगात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका गोपाळाची गोष्ट सांगितली. त्याच्या घरी फक्त आंबट पेज होती. लाजेनं त्यानं गाडगं पाठीमागं लपवलं. सगळ्यांचं कालवून झालं तरी कृष्ण काही जेवेना. म्हणे, माह्या गड्याची पेज राहिली. त्या गाऊ लागल्या, "आन रे गड्या, असन ते आन," आणि सगळं समाजभवन त्यांच्यामागं म्हणू लागलं. सुगतनं लय वाढवली, नाच्याचे घुंगरू आपोआप सुरू झाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हातातला टाळ आता चुकत नव्हता.

परातींतून दह्याचा, चिवड्यातल्या हिंगाचा, पेरूचा वास सुटला होता. पोटं रिकामी होती. तरी आरती होईपर्यंत एकाही माणसानं परातीत हात घातला नाही. एक पोरगं घालायला गेलं, तर भय्याजींनीच त्याच्या हातावर चापट मारली. "कीर्तन होऊ दे ना बे!"

काला वाटला. पानावर मूठ मूठ, पण असा काला मी जन्मात खाल्ला नाही. मध्येच शिंगाडा लागायचा, मध्येच अनारशाचा गोड तुकडा. पाच कधी वाजून गेले कळलं नाही. प्रविण पडदा घेऊन दारात उभा होता, त्याच्याही हातात पान. लोक जागचे हलले नाहीत. इथंच बसलोय, पिच्चरही पाहून घेऊ, म्हणून तसेच बसले. असा आयता भरलेला हॉल मिळाल्यावर पोराच्या तोंडावर हसू मावेना.

पडदा बांधेपर्यंत भय्याजी माझ्याजवळ आले. मिशीला दही लागलं होतं.

"तं जी?" मी विचारलं. "जेवाले आलेले होते का कीर्तनाले?"

"जेवाले आलेले तं घरी गेले होते, वहिनी," ते म्हणाले. "वापस आले ते कीर्तनाचे." आणि माइक घेऊन त्यांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं की पुढच्या सालीही तीनला सुलोचनाबाईंचं कीर्तन, ज्यानं त्यानं आपलं आणायचं, आणि पाचला पिच्चर. टाळ्या पडल्या. आमच्या ह्यांनी तर शिट्टीच मारली.

सुलोचनाबाई फेटा सोडून माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या. समोर पडद्यावर त्यांच्याच नाकाडोंगरीच्या जंगलातली वाट दिसायला लागली होती. त्या माझ्या कानाशी वाकल्या.

"मंदाबाई, पुढच्या साली मी सकाळच्या गाडीनंच येतो. मले खडी गंमत पाहाची हाये. पुढं जागा धरून ठेवजो."