पदराच्या सहा गाठी

बयाबाईच्या गावाहून तालुक्याच्या दवाखान्याला जायला एकच एसटी होती. ती साडेदहाला पोचायची आणि परतीची सव्वादहाला सुटायची. त्यामुळे गावातली म्हातारी माणसं आजारी पडली तर मुक्कामाची तयारी ठेवूनच पडायची. बहुतेक पडायचीच नाहीत, निदान तसं सांगायची. उपकेंद्र गावातच होतं. त्याला नुकतंच नवं कुलूपही आलं होतं.

म्हणून मोतीबिंदूसाठी बयाबाई जुईनगरला लेकाकडे निघाली, तेव्हा आदल्या दिवशी तिच्या ओट्यावर दुखणी घेऊन सहा जण आले. एकेकाचं ऐकून बयाबाईनं पदराला एकेक गाठ मारली. यशोदाबाईची गाठ सगळ्यांत मोठी, कारण ती सांगतानाच धापा टाकत होती.

जुईनगरच्या दवाखान्यात पाटी होती. लेकानं, अभयनं, वाचून दाखवली, "एका केसपेपरवर एकच पेशंट."

"मग? मी एकटीच हाय की," म्हणत बयाबाईनं त्याला बाहेर बसवलं.

डॉक्टर गीतांजली तरुण होत्या. "काय होतंय, आजी?"

बयाबाईनं पहिली गाठ सोडली. "गुडघा." दुसरी सोडली. "कानात भुंगा फिरतो." तिसरी. "वांगं खाल्लं की खाज." चौथी. "दाढ." डॉक्टर लिहीत होत्या.

पाचवी गाठ सुटता सुटेना. "आडवी झाले की दम कोंडतो, बाय. बसूनच झोपते. पाय असे सुजलेत, बोट दाबलं तर खड्डा पडतो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवून पाय बघितले. पाय काटकीसारखे. "सूज कुठाय?"

"येताना उतरली."

"बरं. सहावं?"

"लघवीला उभं ऱ्हायलं तर धारच लागत नाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आजी, हे कोणाचं?"

"गंगारामचं," बयाबाई खाली बघत म्हणाली. "मी त्याला बोलले होते, तुजं काय खपायचं नाय."

डॉक्टरांना हसू आलं, पण पाचव्या ओळीवर ते विरलं. "पेशंट बघितल्याशिवाय औषध देता येत नाही. आणि ही पाचवी, तिच्या हृदयाचं असेल. दोन दिवसांत आणा तिला. थांबायचं नाही."

"समोर आनली तर बघशील?"

"बघेन."

"सगळ्यांनाच?"

"सगळ्यांना. पण केसपेपर वेगळे."

बयाबाईनं बाहेर येऊन अभयचा फोन मागितला. गावी आंब्याचे टेम्पो वाशी मार्केटला निघतच होते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सोसायटीच्या गेटवर आंबे उतरवून रिकामा झालेला टेम्पो लागला. यशोदाबाई ड्रायव्हरशेजारी, बाकीचे मागे, अंगाला पेंढा.

वॉचमननं रजिस्टर काढलं. "कोणाकडे?"

"अभयकडं."

"सगळे? किती दिवस?"

"आता आमची परतीची एसटी..." यशोदाबाईनं धाप टाकली, "...चुकली."

बयाबाई गॅलरीत उभी होती. स्वतःच्या डोळ्याचं डॉक्टरांना सांगायचं राहूनच गेलं होतं. त्याची गाठ कोणी मारली नव्हती. मोतीबिंदूमुळे तिला खाली बारा माणसं दिसत होती.

अभयला सहाच दिसत होती. तरी तो मटकन खाली बसला.

"बसतोस काय?" बयाबाई म्हणाली. "यशोदीला आदी रिक्षात घाल. बाकीच्यांना चा होऊ दे."