घरोघरी वैज्ञानिक दृष्टिकोन

विषयशिक्षकांनी आपापल्या वर्गाकडून असलेल्या अपेक्षा आणि वर्षाची ध्येयं लिहून भिंतीला लावावीत, असा वरून आदेश आला. कळंब तालुक्यातल्या त्या शाळेत दहावीला जीवशास्त्र शिकवणाऱ्या विरेश शेटे सरांनी तो मनावर घेतला. गणिताच्या सरांनी 'शंभर टक्के निकाल' एवढंच लिहून हात झटकले होते. शेटे सरांनी मात्र निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, ओळीमागून ओळी लिहिल्या. विद्यार्थी पेशी ओळखतील. विद्यार्थी शरीराविषयी निःसंकोच बोलतील. आणि सर्वांत खाली, कागद उरला होता म्हणून : विद्यार्थी वैज्ञानिक दृष्टिकोन घरोघरी पोचवतील.

'घरोघरी' लिहिताना सरांच्या डोळ्यांपुढं सगळं गाव होतं. स्वतःचं घर तेवढं नव्हतं.

त्या घरात सरांची आई उमाबाई यांचं राज्य होतं. घरातल्या बाईला पाळी आली की उमाबाई "कावळा शिवला" म्हणत आणि तिची पथारी ओसरीवर टाकत. शेटे लिंगायत, आणि वास्तविक लिंगायतात विटाळ मानायचाच नाही. बसवण्णांनी हे प्रकरण शतकांपूर्वीच निकालात काढलेलं. सरांनी एकदा तसं आईला सुचवून पाहिलं होतं. "बसवण्णा ह्या गल्लीत राहत न्हाईत," उमाबाई म्हणाल्या होत्या. "मला ऱ्हायचंय."

सोमवारी सकाळी उमाबाईंनी वर्दी दिली, "विरेश, आंजीला कावळा शिवलाय. स्वयंपाकघरात येऊ देऊ नको तिला."

आंजी म्हणजे सरांची मुलगी शिवांजली. ती त्यांच्याच वर्गात होती. तिनं बापाकडं पाहिलं. सर मोबाईलवर हवामानाचा अंदाज बघत होते.

"बरं," ते म्हणाले.

'बरं' हा सरांचा घरातला वैज्ञानिक दृष्टिकोन होता.

नेमके त्याच दिवशी तपासणीसाठी ओव्हाळ साहेब आले. शिक्षण खात्यातले विस्तार अधिकारी, आणि भिंतीवरचं वाचण्याची वाईट सवय असलेले. बाकीचे अधिकारी चहा पिऊन सही करतात. ओव्हाळ साहेब थेट दहावीच्या वर्गात येऊन तक्त्यापुढं उभे राहिले आणि पार खालच्या ओळीपर्यंत गेले.

"घरोघरी! वा, शेटे सर. धडा कुठला चाललाय?"

"प्रजनन," सर म्हणाले. दर वर्षी हा धडा ते 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडत. या वर्षी सोडायच्या आत साहेब आले होते.

"मग बोलू की निःसंकोच. कावळा शिवतो म्हणतात, ते कुणाच्या घरी पाळतात?"

मुली बाकाकडं बघू लागल्या. मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. शेवटी प्रसेनजित उठला.

"सर, आमच्यात न्हाय पाळत. पण शेजारच्या काकू म्हणल्या, पाळीत लोणच्याला हात लावला की लोणचं नासतं. म्हणून ताईनं आमच्या बरणीला मुद्दाम लावला."

"मग? नासलं?"

"न्हाय सर. म्याच खाऊन संपवलं. ताईनं मला बडवलं."

वर्ग हसला. साहेबही हसले. शेटे सरांनी हसण्याचा प्रयत्न केला, पण त्यांची नजर तिसऱ्या बाकावरच्या शिवांजलीवर खिळली होती. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, सरांची पोरगी हाय की वर्गात! तिला इचारा!"

"अस्सं? ऊठ बाळ. सरांच्या घरी कसं असतं?"

शिवांजली उठली. सरांच्या हातातला खडू ओला झाला. आता ही सांगणार. सकाळचा चहा ओसरीच्या पायरीवर प्यायली, ते सांगणार. सांगू दे, असंही त्यांना एक क्षण वाटलं. पण तो क्षण फार टिकला नाही.

"आमच्या घरी न्हाय पाळत, सर," शिवांजली म्हणाली. आवाज अगदी सरळ. "बाबांनी मला सगळं नीट समजावून सांगितलंय. आजीला बी सांगितलंय."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग वर्गानंही. "ह्याला म्हणतात शिक्षक!" म्हणत त्यांनी शेऱ्याच्या वहीत 'अनुकरणीय' लिहिलं. सर मान खाली घालून उभे राहिले. साहेबांना तो विनय वाटला.

पोरीनं खरं सांगितलं असतं, तर चार दिवस हसं झालं असतं. तिनं खोटं सांगून बापाच्या अंगावर सदरा चढवावा तसा मोठेपणा चढवला होता. तो सदरा आता जागोजाग टोचत होता.

साहेब गेले. मधल्या सुट्टीत वस्तीवरून येणारी, त्याच वर्गातली पल्लवी व्हरांड्यात सरांना आडवी आली. मागं शिवांजली होतीच.

"सर, आमच्या आईशी फोनवर बोलताल का?"

"कशाबद्दल?"

"मला गोठ्याशेजारी निजवत्यात. लई भ्या वाटतं. म्या सांगितलं तर आई म्हणती, शिकल्याल्या मास्तरांच्या घरी बी पाळत असतील, तू कोण लागून गेलीस? आता तुमीच सांगा तिला. तुमचं ऐकंल ती."

तिनं हातावर लिहून आणलेला नंबर पुढं केला. सरांनी खिशातला मोबाईल चाचपला. खरं सांगितलं तर शिवांजली खोटी पडत होती. फोन लावला तर तेच खोटं स्वतःच्या तोंडानं बोलावं लागत होतं. तिसराही एक मार्ग होता : आधी घरी जाऊन आईपुढं उभं राहायचं, आणि मग फोन लावायचा. तो मार्ग सरांना दिसला. त्यांनी घसा खाकरला.

"पल्लवी, त्याचं असंय बघ..."

शिवांजलीनं बापाचा चेहरा वाचला आणि मैत्रिणीचा दंड धरला.

"सरांना नववीवर तास हाय गं. चल, मंग बघू."

"व्हय," सर म्हणाले. "तास आहे."

आणि ते झपझप नववीकडं निघाले. सगळी नववी त्या वेळी मैदानावर डबे खात होती.