लसींच्या फ्रिजचा प्लग

"हात थरथरायला हवा, सिस्टर," दिग्दर्शक तिसऱ्यांदा म्हणाला.

मी पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षं रडक्या पोरांच्या दंडात सुया टोचल्या, कधी हात हलला नाही, आणि हा कालचा पोरगा मला थरथर शिकवणार! गावाने पोटात दडवलेल्या गोष्टींवर त्यांची मालिका होती आणि चित्रीकरण आमच्या बंद पडलेल्या दवाखान्यात चाललं होतं. मालिकेतली नर्स स्वतःची चूक झाकायला रजिस्टरात खोटी नोंद करते, एवढाच प्रसंग. नायिकेचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पडद्यावर हात माझा दिसणार होता.

"खोटं लिहिताना हात थरथरत नाही," मी ठणकावलं. "उलट अक्षर जास्त सुबक येतं."

तो हसला. "तुम्हाला कसं ठाऊक?" म्हणाला.

मला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी याच खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करायला मी लसींच्या फ्रिजचा प्लग काढला आणि परत लावायला विसरले. दुसऱ्या दिवशी अख्खा साठा फेकावा लागला. चौकशीला माणसं आली, तेव्हा रजिस्टरात मी ठळक लिहून ठेवलं होतं की झाडताना मावशींच्या हातून प्लग निघाला. मावशी आमच्याकडे झाडलोट करायच्या. त्यांचं काम गेलं, आणि दोन वर्षांनी मला बढती मिळाली.

त्या मावशी आता दाराशीच उभ्या होत्या. चित्रीकरणवाल्यांनी त्यांना खोली झाडायला बोलावलं होतं.

"बाईंचं खरं आहे," त्या दिग्दर्शकाला म्हणाल्या. "त्या दिवशीचं अक्षर फार देखणं होतं. मला वाचता येत नाही, पण त्याच्याखालीच अंगठा उठवला ना मी."

मग त्यांनी भिंतीकडे बघितलं. सॉकेट अजून तिथेच होतं, कपाटाच्याही वर. माझाच हात तिथे जेमतेम पोचतो, आणि मावशी माझ्या खांद्यापर्यंतच येतात. टाचा उंचावूनही त्यांचा हात तिथे पोचला नसता. चौकशीला आलेल्या साहेबांनी हे विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मला इतकी लाज वाटली की दिग्दर्शक काय बोलतोय ते ऐकूच येईना. तो आणखी एकदा घेऊ म्हणत होता. मी पेन उचललं. मालिकेतल्या नर्सची नोंद बाजूला राहिली. मी माझं नाव लिहिलं, ती तारीख लिहिली, आणि प्लग मी काढला होता, मावशींचा काही दोष नव्हता, असं लिहिलं. 'दोष' लिहिताना पेन घसरलं. ओळ वाकडी झाली.

"हेच हवं होतं!" दिग्दर्शक खूश झाला. काय लिहिलंय, हे त्याने बघितलंच नाही.

मी पान फाडलं. त्याला ते पान हवं होतं, पण ते माझं आहे असं मी सांगितलं आणि मावशींच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं आणि मला परत दिलं.

"वाचा ना, बाई," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाचा. शूटिंग बघायला सगळं गाव बाहेर उभं आहे."

मी चष्मा पुसला, दारात जाऊन उभी राहिले आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.