हळदीच्या पट्ट्या

थेरगावच्या बौद्ध वस्तीची विहीर जयसिंगच्या वडिलांनी भावकीला सोबत घेऊन खणली होती. त्याआधी गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत त्यांना ताटकळावं लागे. तसं पुन्हा उभं राहायचं नाही, म्हणून ती विहीर. त्यामुळे अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पाणी पिवळसर दिसू लागलं, तरी विहीर सोडू या, असं कोणाच्या तोंडून निघेना.

जयसिंग वस्तीला लागूनच असलेल्या प्लेटिंगच्या कारखान्यात होता. सायकलची हँडलं आधी कास्टिकच्या गरम पाण्यात बुडवून त्यांचं तेल काढायचं, मग चकचकीत मुलामा चढायला क्रोमच्या हौदात सोडायची, हे त्याचं काम. दोन्ही हौदांचं वापरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात जाई आणि तिथून विहीर हाकेच्या अंतरावर होती. क्रोमच्या वाफेनं त्याच्या नाकातून रक्त येई. बोटांवरच्या जखमा भरत नसत. त्याची धाकटी मुलगी नीला हल्ली सारखी पोट धरून बसे. खड्ड्याचं पाणी विहिरीत उतरतंय, असं त्याला वाटे. पण नुसतं वाटतं म्हणून सरपंचांना काय सांगणार?

उपाय घरातच सापडला. त्याची बायको कस्तुरा त्याचा सदरा धूत होती. साबण लागताच हळदीचा डाग लालभडक झाला. कास्टिक तर साबणाचा बापच, हे जयसिंगला ठाऊक होतं. त्यानं टीपकागद आणला, हळदीच्या दाट पाण्यात भिजवून सावलीत वाळवला, पट्ट्या कापल्या आणि एक ओली पट्टी घरच्या घागरीला आतून चिकटवली. ती लाल झाली. शेजारच्या तानुबाईच्या घागरीतही लाल. भैरूच्या हंड्यातही लाल. एवढ्या सोप्या गोष्टीनं एवढं मोठं सिद्ध व्हावं, याची जयसिंगला थोडी भीतीच वाटली असावी. पण वस्तीनं त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

रविवारी सरपंच विहिरीवर आले. कारखान्याचा सुपरवायझर ज्योतीरामही आला. खड्डा हलवा, अशी वस्तीची मागणी होती. जयसिंगनं घागरी मांडून पट्ट्या दाखवल्या. ज्योतीरामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वतः पोहरा सोडून पाणी काढलं आणि त्यात पट्टी बुडवली. पट्टी पिवळी ती पिवळीच राहिली. त्यानं दुसरी बुडवली, तिसरी बुडवली.

मग त्यानं कस्तुराला विचारलं, "वहिनी, घागर कशानं घासता?"

"राखेनं," ती म्हणाली. "सगळ्याच घासत्यात."

ज्योतीरामनं तिच्याच चुलीतली चिमूटभर राख मागवून ओल्या पट्टीवर टाकली. पट्टी लाल झाली. उन्हाळ्यात पाणी जपायचं म्हणून घागरी धड विसळल्या जात नव्हत्या, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं.

"जयसिंगराव, इतकी वर्षं हौदावर हाय तुमी," ज्योतीराम म्हणाला, "आन चुलीवर खटला भरलात."

वस्तीतलेही हसले. जयसिंग सांगत राहिला, की ही पट्टी फक्त कास्टिक ओळखते, क्रोम तिला कळत नाही; कास्टिक मातीतच मुरलं, तरी क्रोम पुढं उतरत असेल. क्रोमचं पाणी पिवळं असतं आणि पिवळ्यात पिवळी पट्टी काय दिसणार? सरपंचांनी विचारलं, मग पट्टी आणली कोणी? पाणी पिवळं दिसतं ते मुरमामुळं, असं ठरवून सरपंच निघून गेले.

नोकरी जाईल असं जयसिंगला वाटलं होतं. ती गेली नाही. पुढच्या आठवड्यात ज्योतीरामनं टीपकागदाचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला आणि शिफ्टमध्येच पट्ट्या करायला सांगितल्या. मालकांतर्फे वस्तीत घरोघर वाटायच्या होत्या. लोकांच्या मनात शंका नको. नाही म्हणायचं जयसिंगच्या ओठांवर आलं होतं. त्यानं कात्री घेतली.

बायका आता घागरी मातीनं घासू लागल्या, भरपूर विसळू लागल्या. पाणी भरलं की पट्टी बुडवायची, पिवळी दिसली की निर्धास्त व्हायचं, असा रिवाजच पडला. कस्तुरा तेवढी पिण्याचं पाणी पवनेवरून आणी. ते नदीचं पाणी तरी कसं आहे, हे जयसिंगला सांगता येत नव्हतं. नीलाचं पोट कधी दुखे, कधी राही.

एका दुपारी तो काही कामानं तानुबाईकडे गेला. उन्हातून आलेला पाहून तिनं तांब्या भरला, आणि पाहुण्याला द्यायचा म्हणून आधी त्यात पट्टी बुडवून त्याच्यासमोर धरली.

"बघ भावा. पिवळीच हाय."

जयसिंगनं तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"ताई, ही पट्टी मीच कापलेली हाय. तिला एवढंच कळतं. क्रोमचं तिला काय बी कळत न्हाई."

तानुबाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"मग ज्याला कळतं, असा कागद कर की."

तसा कागद कसा करतात, हे जयसिंगला ठाऊक नव्हतं. कोणाला विचारायचं, तेही नव्हतं. भरलेलं पाणी वाया नको, म्हणून तांब्या उचलून तानुबाई स्वतःच प्यायली.