टिटवीचं बिऱ्हाड

गावाखालच्या पाझर तलावाच्या काठी एका टिटवीनं चार अंडी घातली होती, आणि ती टिटवी रोज आपलं बिऱ्हाड हलवत होती. निदान आप्पासोंचं तसं म्हणणं होतं.

आप्पासोंनी तीस वर्षं विट्याच्या एका वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. माणसांशी बोलताना त्यांची नजर पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हलायची नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी एक दुर्बीण घेतली, कारण पाखरांशी बोलावं लागत नाही.

यंदा मे महिन्यातच वळवानं ठाण मांडलं. रोज पाऊस, रोज तलावाचं पाणी थोडं वर. सोमवारी टिटवीची अंडी बाभळीच्या खुंटापाशी होती. मंगळवारी पाऊलभर वर, बुधवारी आणखी पाऊलभर. चारी अंडी टोकं आत करून जशीच्या तशी मांडलेली. पाणी चढेल तशी पक्षीण अंडी वर नेते! त्यांच्याकडच्या एकाही पुस्तकात हे नव्हतं.

सांगलीच्या पक्षीमित्रांना त्यांनी मोबाइलवर निरोप लिहिला. पाच वेळा खोडला. सहाव्यांदा खोडायला गेले तर बोट भलतीकडेच लागलं आणि तो गेला.

दहा मिनिटांत क्रांतीचा फोन आला. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि त्या मंडळींची म्होरकी होती.

"काका, हे खरं असेल तर फार मोठी गोष्ट आहे! शनिवारी येतोय आम्ही, अकरा जण."

आप्पासोंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. चुकलं असलं तर? उभ्या आयुष्यात स्वतःचं असं एवढंच सापडलेलं.

शनिवारी मंडळी शाळेच्या व्हरांड्यात उतरली. पावसानं दिवसभर झोडपलं, पण एक जण आडोशाला बसेल तर शपथ. लांबलचक तांबड्या पायांचे शेकाटे दिसले, चित्रबलाक दिसले, एका खंड्यानं सगळ्यांसमोर मासा धरून फांदीवर आपटला. मंडळींतले निवृत्त सुभेदार सयाजीराव चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले.

"आप्पासो, तीस वर्षं सीमेवर काढली, पण बूट कुणाला दिला नव्हता. तुमच्या तलावानं घेतला!"

आप्पासो मोठ्यानं हसले आणि आपल्याच आवाजानं दचकले.

घरट्याकडे मात्र क्रांतीनं कुणाला जाऊ दिलं नाही. भर पावसात पक्षीण अंड्यांवरून उठायला नको. रविवारी उजाडताच जायचं ठरलं.

रविवारी पाऊस उघडला होता. धीर निघेना म्हणून आप्पासो सगळ्यांच्या आधी तलावावर गेले. बघतात तर शेरडं राखणारी हरणाबाई, डोक्यावर पोत्याची खोळ, घरट्याच्या जरा वर खुरप्यानं खळगा करत बसलेली. शेजारी पत्र्याचा तुकडा. टिटवी वर घिरट्या घालत कोकलत होती.

"हरणाबाई, काय करताय?"

"दिसत न्हाई व्हय? अंडी वर घ्यायचीत."

"म्हणजे... रोज तुम्हीच?"

"मग काय टिटवी न्हेतीया? तिला हात हायती का?"

आप्पासो दगडावर बसले. हरणाबाईचं सुरूच.

"टिटवीनं खाली अंडी घातली की पाऊस कमी, वर घातली की लय. हिनं पार तळात घातलेली. म्हनलं, मानसानं काय तरी कराय नगं? सोमवारपासनं वर न्हेतीया. बघा, पडतोय का न्हाई?"

"अहो, पडतोय म्हणूनच पाणी चढतंय, आणि चढतंय म्हणून तुम्हाला पुन्हा हलवावी लागतायत."

"मग? मधीच सोडू म्हनता?"

तोवर मागून मंडळी आली. क्रांतीनं दबक्या आवाजात सगळ्यांना लांब बसवलं. "आज्जी, जरा बाजूला येता? आता टिटवी अंडी हलवणार आहे. आपण बघत बसू."

हरणाबाईनं आप्पासोंकडे बघितलं. पाणी अंड्यांपासून चार बोटांवर आलं होतं. गप्प राहिलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. अंडी मात्र बुडणार होती.

"नाही," आप्पासो म्हणाले. क्रांतीला वाकून ऐकावं लागलं. "ती नाही हलवणार. या हरणाबाई हलवतात, पाऊस पडावा म्हणून. या सकाळी यायच्या, मी दुपारी यायचो. चुकीचं लिहिलं मी."

सयाजीरावांना हसू फुटलं. "म्हणजे आम्ही सांगलीहून भिजत आलो ते हरणाबाईला बघायला!"

"तर काय! मग आता चा पाजू व्हय समद्यास्नी?" हरणाबाई म्हणाली, आणि सगळा काठ हसला. आप्पासोंना वाटलं होतं हसणं टोचेल. ते टोचलं नाही.

क्रांती हरणाबाईशेजारी उकिडवी बसली. "हलवल्यावर पक्षीण परत बसते?"

"पावलापरीस लांब न्हेलं तर न्हाई बसत. तेवडंच न्ह्यायचं, आन् टोकं आत ठिवायची."

"काका, तुम्ही रोजचं टिपलंय ना?"

"तारखा आहेत. मापंही."

"मग हे लिहायचंच. दोघांच्या नावानं."

हरणाबाईनं पत्रा आप्पासोंच्या हातात दिला. "ते मागनं. आदी ह्ये बघा. माजी कंबर धरलीया. आज तुमी न्ह्या."

आप्पासो चिखलात गुडघ्यांवर बसले. हरणाबाई सांगेल तसा त्यांनी पत्रा मातीसकट अंड्यांखाली सारला. टिटवीनं टोपीवर झडप घातली. अकरा दुर्बिणी त्यांच्यावर रोखलेल्या. आजवर ते दुर्बिणीच्या अलीकडे राहिलेले. लाजून पळून जावं म्हटलं, तर दोन्ही हात गुंतलेले.

आणि तेवढ्यात एका अंड्यातून टकटक झाली.

"हरणाबाई, आतून कुणी तरी वाजवतंय!"

"वाजवनारच की. हळू ठिवा."

त्यांनी अंडी खळग्यात ठेवली, टोकं आत केली. सगळे मागे सरले. टिटवी तुरुतुरु चालत आली, आप्पासोंकडे एकदा रागानं बघितलं आणि पिसं फुलवून बसली.

टपटप थेंब सुरू झाले.

"हरणाबाई, बास की आता पाऊस," सयाजीराव म्हणाले.

हरणाबाईनं टिटवीच्या वरची जमीन डोळ्यांनी मापली. "आजून एक पाऊल हाय," ती म्हणाली, आणि आप्पासोंनी पत्रा तिला परत दिलाच नाही.